आंब्याच्या खोडात भिरूड, तार पोचत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आंब्याचं जुनं, दर मोसमात लगडणारं झाड आहे. बुंध्याजवळच्या सालीतून चिकट रस गळतोय आणि खाली लाकडाचा भुसा पडतो. झाडून काढला तरी दुसऱ्या दिवशी ताजा, ओलसर भुसा दिसतोच, म्हणजे आतली अळी जिवंत आहे. एक मोठी फांदी पिवळी पडून पानं गाळू लागलीये.

गेल्या पावसाळ्यात खोडावर बोटभर लांबीचा, करडा, लांबलचक मिशांचा भुंगेरा दिसला होता. मानेमागे दोन नारिंगी ठिपके. त्यावरून हा बॅटोसेरा, म्हणजे खोड पोखरणारा आपला भिरूडच.

छिद्रात तार घातली तर वितीवर अडते, पुढे बोगदा वळलाय. पटाशीने साल काढत जावं तर झाड वाळेल अशी भीती वाटते. जुन्या पुस्तकांत डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक सांगितलंय, पण भारतात त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे ते नकोच. साल कितपत काढलेली चालेल? आणि शेजारी फणस, अंजीर आहेत, त्यांना कसं वाचवू? हे झाड गमवायचं नाहीये, कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद:

झाड वाचू शकतं, पण आजच हात घाला. पटाशीच्या दांड्याने खोड ठोकून बघा. पोकळ आवाज येईल तिथली साल मेलेली असते, ती बिनधास्त काढा. आतून ओली, जिवंत साल मात्र अजिबात सोलू नका. जिवंत सालीचा सलग पट्टा वरपासून मुळापर्यंत राहिला की झाड तग धरतं. खोडाभोवती पूर्ण कडं पडलं तर मात्र आशा सोडावी लागते.

ताठ तारेऐवजी सायकलच्या ब्रेकची केबल वापरा, ती बोगद्याबरोबर वळते. टोकाला पांढरा चीक लागला तर अळी सापडली समजा. नाहीच सापडली तर पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून चिखलाने लिंपा. सगळी छिद्रं बुजवा, एक जरी उघडं राहिलं तरी वाफ निघून जाते. जवळपास विडी-काडी नको. मग खालची जागा साफ ठेवून नव्या भुशावर लक्ष ठेवा.

फणस, अंजीर, तुती, सावर या सगळ्यांना हा लागतो. वाळलेली फांदी कापून लगेच जाळा, नुसती बांधावर टाकू नका, आतली अळी तिथेच वाढून भुंगेरा होते. पाऊस सुरू झाला की अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन खोडं बघा आणि भुंगेरे हाताने वेचून मारा. मादी साल कुरतडून एकेक अंडं घालते, त्यामुळे अंडी घालण्याआधी सापडलेली प्रत्येक मादी मोलाची.

फांदी कापल्यावर आतल्या बोगद्याचा फोटो टाका, अळी कुठवर गेलीये ते त्यावरून सांगता येईल.