प्रशिक्षण होऊनही गटसचिव संगणकापुढे मागे का सरतात? स्वक्षमतेविषयी एक प्रश्न

बँक_निरीक्षक यांचा प्रश्न

नमस्कार. मी एका जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत निरीक्षक आहे. माझ्या विभागातील विकास सोसायट्यांचे, म्हणजे गावपातळीवरील प्राथमिक कृषी पतसंस्थांचे, दप्तर तपासणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशभरातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यानुसार आमच्याकडील सोसायट्यांतही संगणक आले असून किर्द (रोजच्या व्यवहारांची वही), खतावणी (खातेवार नोंदवही) आणि तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांचा ताळा) आता नव्या प्रणालीतच तयार होणे अपेक्षित आहे.

अडचण या सोसायट्यांचे हिशेब लिहिणाऱ्या गटसचिवांची आहे. सभासदाचे नाव ऐकताच त्याची थकबाकी सांगणारे आणि व्याजाची आकारणी तोंडी करणारे अनुभवी सचिव संगणकापुढे बसले की अवघडतात, गावातल्या एखाद्या तरुणाला बोलावून नोंदी करून घेतात आणि ‘साहेब, हे आता आमच्या वयाचे काम नव्हे’ असे म्हणतात. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रशिक्षण झाले, पुस्तिकाही मिळाल्या. वरिष्ठांची सूचना आहे की एखादे प्रेरणादायी व्याख्यान ठेवावे. मला ते पटत नाही, कारण वसुलीच्या वेळी हेच सचिव गावातल्या भल्याभल्यांपुढे ठामपणे उभे राहतात. त्यांना आत्मविश्वास नाही असे कसे म्हणावे? मग उणीव नेमकी कशाची आहे, आणि ती कामाच्या ठिकाणी कशी भरून काढता येईल?

मानसशास्त्र_शिक्षिका

वसुलीला ठाम असणारा माणूस संगणकापुढे अवघडतो यात विसंगती काहीच नाही. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेची जी संकल्पना मांडली, तिचा गाभा हाच आहे की ‘मला हे जमेल’ ही धारणा विशिष्ट कामापुरती असते. एखाद्याचा एकूण आत्मसन्मान उत्तम असू शकतो आणि तरीही एका ठरावीक कामाबाबत त्याला स्वतःची खात्री नसते. अशी खात्री नसलेला माणूस ते काम टाळतो, पहिल्या अडथळ्याशीच सोडून देतो, आणि टाळल्यामुळे सराव न झाल्याने त्याची शंका खरी ठरत जाते. तुमचे सचिव तरुणाला बोलावतात तेव्हा नेमके हेच होते. त्या दिवसाचे काम उरकते, पण ‘मला जमले’ हा अनुभव मात्र दुसऱ्याच्या पदरात पडतो.

बांडुरा यांनी या धारणेचे चार स्रोत सांगितले: स्वतः काम करून मिळालेले यश, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणे, विश्वासातल्या व्यक्तीचे बोलणे, आणि काम करतानाची शारीरिक व भावनिक अवस्था. यांत पहिला सर्वांत प्रभावी आहे. सापांची तीव्र भीती असलेल्या लोकांवर त्यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगांत, इतरांना साप हाताळताना नुसते पाहणाऱ्यांपेक्षा मदतीने स्वतः हाताळणाऱ्यांची धारणा अधिक बळावली होती. या दृष्टीने आपली बहुतेक प्रशिक्षणे पाहिली की वाईट वाटते: पडद्यावर प्रशिक्षक भराभर कळा दाबतो, पन्नास माणसे खुर्चीत बसून पाहतात आणि शेवटी हजेरीपटावर सह्या होतात. त्यातून माहिती मिळत असेल, खात्री मिळत नाही.

दुसऱ्या स्रोताबद्दलही एक सांगते. पंचविशीतल्या प्रशिक्षकाने सहज केलेली नोंद पाहून पन्नाशीच्या सचिवाला धीर येत नाही. ‘याला येणारच’ एवढाच निष्कर्ष तो काढतो. त्याच्याच वयाच्या, त्याच्याच तालुक्यातल्या सचिवाने अडखळत, चूक दुरुस्त करत केलेली नोंद मात्र त्याच्यासाठी पुरावा ठरते. व्याख्यानाचा क्रमांक यानंतर लागतो. पाठीशी यशाचा अनुभव नसेल, तर शब्दांनी दिलेला धीर पहिल्या अपयशातच ओसरतो.

शेवटी एक विचारते. सचिवांना ‘नोंद जमणार नाही’ असे वाटते, की ‘नोंद केली तर पुढे काहीतरी वाईट होईल’ असे वाटते? बांडुरा यांनी या दोन अपेक्षा स्पष्टपणे वेगळ्या ठेवल्या आहेत, कारण त्यांच्यावरचे उपायही वेगळे आहेत.

चाकणचा_सुपरवायझर

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लाइन सांभाळतो. आमच्याकडे प्रत्येक लाइनवर स्किल मॅट्रिक्सचा फलक असतो आणि कोणता ऑपरेटर कोणत्या मशिनवर कितपत तयार आहे, हे चार भागांच्या वर्तुळात भरून दाखवलेले असते. पहिला भाग भरला म्हणजे देखरेखीखाली काम करता येते. चारही भरले म्हणजे दुसऱ्याला शिकवता येते. फलकाचा उपयोग नियोजनासाठी आहे, पण माझ्या मते त्याचा मोठा फायदा असा की माणसाला आपली पुढची पायरी दिसते आणि ती आवाक्यातली असते. तुमच्या सचिवांकडून पहिल्याच दिवशी संपूर्ण तेरीज मागू नका. आधी फक्त एका सभासदाची भरणा पावती, मग दिवसाची किर्द, आणि हात बसल्यावर व्याज आकारणी असा क्रम ठेवा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पहिल्या चुकीनंतर वरिष्ठ काय करतो. सकाळच्या बैठकीत रिजेक्शनचा, म्हणजे नापास झालेल्या भागांचा, आकडा वाचताना एखाद्या नव्या ऑपरेटरचे नाव सर्वांसमोर घेतले, तर तो त्या मशिनपासून दूर राहण्याची कारणे शोधू लागतो. तोच भाग हातात घेऊन ‘इथे क्लॅम्प सैल राहिला होता, पुन्हा लावून पाहा’ असे सांगितले, की चुकीचे कारण त्याच्या हाताळता येण्याजोग्या गोष्टीत सापडते. खऱ्या खात्यांना धक्का न लागता सरावाच्या नोंदी करण्याची सोय तुमच्याकडे आहे का? नसेल तर ती सर्वप्रथम मिळवा.

बीट_पर्यवेक्षिका

वरील उत्तरांशी मी सहमत आहे, पण एक धोका सांगितल्याशिवाय राहवत नाही. अंगणवाडी सेविकांना २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर ॲपवर माहिती भरण्यास सांगण्यात आले, तेव्हा ‘सेविकांना तंत्रज्ञान जमत नाही’ हे वाक्य मी फार ऐकले. प्रत्यक्षात त्यांची तक्रार अशी होती की हँडसेट कमी क्षमतेचे आहेत, सतत बंद पडतात आणि ॲप मराठीत नाही. त्या वर्षी राज्यातील अनेक सेविकांनी ते मोबाइल शासनाला परत केले. बालकाचे वजन घेऊन वाढीच्या तक्त्यावर बिनचूक नोंद करणाऱ्या बाईंना इंग्रजी पडद्यापुढे स्वतःविषयी शंका वाटू लागते, तेव्हा दुरुस्ती त्यांच्या मनाची करायची की पडद्याची?

माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालील अंगणवाड्यांच्या गटात, सेविका एकमेकींना शिकवू लागल्या तेव्हा फरक पडला. मासिक बैठकीत कागदी अहवालांच्या वाचनाचा वेळ मी कमी केला आणि जिला एखादी नोंद जमली तिनेच ती इतर दोघींच्या मोबाइलवर, त्यांच्या हातून करून घ्यायची अशी पद्धत पाडली. तरीही नेटवर्क नसलेल्या पाड्यावर कोणाचीही खात्री टिकत नाही, आणि ते दूर करणे सेविकेच्या हातात नसते. तुमच्या सोसायटीत वीज, इंटरनेट आणि प्रणालीची भाषा यांची स्थिती काय आहे, हे आधी पाहावे.

मनुष्यबळ_अभ्यासक

थोडी सावधगिरीची बाजू मांडतो. अलेक्झांडर स्टायकोविच आणि फ्रेड लुथान्स यांनी १९९८ मध्ये ११४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा स्वक्षमता आणि कामगिरी यांच्यातील सरासरी सहसंबंध ०.३८ (१ म्हणजे पूर्ण संबंध) आढळला, म्हणजे तो लक्षणीय आहे. मात्र काम जितके गुंतागुंतीचे, तितका तो क्षीण होत गेला. पुढे जेफ्री व्हँकुव्हर आणि सहकाऱ्यांनी तर्काच्या खेळावर केलेल्या प्रयोगांत वाढलेल्या खात्रीनंतर कामगिरी घसरल्याचेही दिसले, कारण खात्री वाटू लागली की माणूस पडताळणी कमी करतो. हिशेबाच्या कामात हे विसरून चालणार नाही. सचिव सरावले तरी हाताने लिहिलेली किर्द आणि संगणकातील शिल्लक यांचा रोजचा मेळ काही काळ चालू ठेवावा.

बँक_निरीक्षक

सर्वांचा आभारी आहे. शिक्षिकाबाईंचा प्रश्न मी दोन सचिवांना स्वतंत्रपणे विचारला. दोघांचेही उत्तर जवळजवळ सारखे निघाले: नोंद करणे शिकता येईल, पण जुन्या खतावणीतील शिल्लक संगणकात चढवताना पूर्वीच्या सचिवांच्या काळातील फरक उघड होतील आणि ते आपल्या माथी मारले जातील, ही त्यांची भीती आहे. दुसऱ्याच्या हातून नोंद करवली तर निदान सही आपली नाही, असा त्यामागचा विचार दिसतो.

त्यामुळे जुना फरक कोणत्या वर्षातला आहे हे लेखापरीक्षकांसमक्ष लिहून घेऊन, सध्याच्या सचिवाची जबाबदारी त्याने पदभार घेतल्याच्या तारखेपासून स्पष्ट करावी, असा प्रस्ताव मी वरिष्ठांकडे पाठवत आहे. सरावाच्या नोंदींची सोयही मागितली आहे. तालुक्यात एक सचिव चौपन्न वर्षांचे असून स्वतः सर्व नोंदी करतात. पुढचा वर्ग त्यांच्याच सोसायटीत, चार-चार जणांच्या गटाने घेण्याची विनंती त्यांना केली आहे. जुन्या फरकांची जबाबदारी वेगळी करण्याची अशी कार्यपद्धती कोणाच्या जिल्ह्यात लागू झाली असल्यास तिचा मसुदा कसा होता, ते कृपया कळवावे.