ऑफिस कार्पेटसाठी प्री-स्प्रे : चार पट्टे मारून पाहिले, निवड कशाच्या जोरावर करायची?

खराडी_क्लीनिंग

नमस्कार मंडळी. खराडी आणि हिंजवडीतल्या ऑफिसांची कार्पेट धुण्याची कामं घेतो. शनिवारी रात्री साइटवर शिरायचं, सोमवारी सकाळी स्टाफ येण्याआधी सगळं सुकलेलं हवं. प्री-स्प्रे, म्हणजे धुण्याआधी कार्पेटवर फवारायचं केमिकल, विकायला येणारा प्रत्येक जण कोपऱ्यातली कार्पेटची एक टाइल निवडतो, फवारतो, पांढऱ्या फडक्याने पुसतो, फडकं काळं झालेलं दाखवतो आणि कोटेशन ठेवून जातो. त्यातून काहीच कळत नाही. म्हणून एका क्लायंटची परवानगी घेऊन नीट तुलना केली.

जागा निवडली लिफ्टपासून पॅन्ट्रीपर्यंतचा पॅसेज. करड्या टाइल्स, मधोमध चालून चालून पडलेली काळी वाट. मास्किंग टेप लावून लांबीला चार पट्टे पाडले, म्हणजे प्रत्येक पट्ट्याला लिफ्टकडची धूळही मिळाली आणि पॅन्ट्रीकडचं तेल-चहाही. आधी सगळीकडे सारखं व्हॅक्यूम. मग शेतातला असतो तसल्या फवारणी पंपाने एकेक केमिकल, कंपनीने लेबलवर दिलेल्या प्रमाणात. दहा मिनिटं थांबलो, ब्रश मारला, मशीनने पाणी काढलं. सगळ्या पट्ट्यांवर मशीनचे फेरे सारखे. मशीन साधं पोर्टेबल आहे, गीझरचं पाणी टाकीत पडेपर्यंत ४५-५० अंशांवर येतं.

पहिल्या पट्ट्यावर क्षारीय पावडर, तपासायच्या कागदावर पीएच (आम्ल-क्षार मोजायचा आकडा, ७ च्या वर क्षारीय) ११ च्या आसपास. दुसऱ्यावर संत्र्याच्या सालीचं सॉल्व्हंट असलेलं लिक्विड, पीएच ९-१०. तिसऱ्यावर एन्झाइमवालं, पीएच ८-९. चौथ्यावर मुद्दाम नुसतं गरम पाणी.

ओलं होतं तेव्हा चारही पट्टे सारखेच दिसत होते. सुकल्यावर पावडरचा पट्टा सगळ्यात उजळ निघाला. सॉल्व्हंटवाल्याने मायक्रोवेव्हसमोरची तेलकट पावलं साफ उचलली, ती पावडरलाही पूर्ण गेली नव्हती. एन्झाइमवालं लिफ्टकडे यथातथाच, पण चहाच्या मशीनखाली चांगलं चाललं. आणि पाण्याचा पट्टा? तो फार मागे नव्हता. लांबून पाहणाऱ्याला फरक दाखवावा लागला असता.

खरी गोष्ट पुढेच आहे. तीन आठवड्यांनी त्याच वेळी, त्याच दिव्यांखाली फोटो काढले. पावडरचा पट्टा सगळ्यांत काळा. पाण्याचा पट्टा जवळपास होता तसाच. म्हणजे पहिल्या दिवशी जिंकलेलं केमिकल महिनाभरात हरलं. क्लायंट मला सोमवारच्या सकाळसाठी पैसे देत नाही, पुढच्या धुलाईपर्यंतच्या तीन महिन्यांसाठी देतो.

तर विचारायचं ते हे : हे का झालं, आणि प्री-स्प्रेची तुलना नेमकी कुठल्या कसोटीवर करावी? तीनही कॅनची नावं देत नाही, मला कुणाची बदनामी करायची नाही.

बँक्वेट_ताई

दादा, आधी ही टाइल कशाची आहे ते बघा. कडेचा एक धागा काढा, पाण्याच्या ग्लासात बोटाने पूर्ण बुडवा आणि सोडा. वर आला तर पॉलिप्रॉपिलीन, तळाला गेला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. पॉलिप्रॉपिलीन पाण्याचा डाग पीत नाही पण तेल धरून ठेवतं, त्यामुळे तिथे सॉल्व्हंटवाल्याला फायदा मिळणारच. नायलॉनवर पीएच ११ मी चालू देणार नाही. डागरोधक लेप दिलेल्या नायलॉनला १० च्या वर नेऊ नका असंच बहुतेक कार्पेट कंपन्या सांगतात.

मी मुंबईत हॉटेलचं हाउसकीपिंग बघते. आमच्या बँक्वेट हॉलमध्ये ८० टक्के लोकर आणि २० टक्के नायलॉनचं ॲक्समिन्स्टर, म्हणजे विणलेलं कार्पेट आहे. लोकरीला तुमची पावडर म्हणजे सरळ नुकसान : रंग सुटतो, धागा खरखरीत होतो. लोकरीसाठी पीएच साधारण साडेपाच ते आठच्या मध्ये राहील असंच केमिकल घ्यायचं, शक्यतो वूलसेफ प्रमाणपत्राचं, म्हणजे लोकरीला चालतं असं तपासलेलं.

आणखी एक, जे विकणाऱ्यांच्या कुठल्याच डेमोत दिसत नाही. लग्नाच्या पंगतीनंतर हळदीच्या ग्रेव्हीवर क्षारीय प्री-स्प्रे पडला की पिवळा डाग क्षणात लालभडक होतो. नवीन मुलगा घाबरून आणखी फवारतो आणि डाग आणखी पसरतो. हळदीचा रंग क्षारात लाल होतो, एवढंच कारण. लिंबूसत्त्वाचं सौम्य पाणी मारलं की परत पिवळा होतो, आणि मग त्या पिवळ्यावर वेगळं काम करायचं. तुमच्या पॅन्ट्रीत डबे उघडतात ना? मग तिथे तपासणी करताना एक हळदीचा डाग मुद्दाम पाडून बघा.

निवृत्त_रसायनवाला

डिटर्जंटच्या कारखान्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पावडरचा पट्टा लवकर का काळवंडला, याचं उत्तर तुमच्या टाकीत आहे. नंतर साध्या पाण्याने धुतलंत, ते पाणी कुठलं? खराडीत बोअर किंवा टँकर असेल तर ते जड असणार. त्यातलं कॅल्शियम साबणाच्या रेणूंना धरून बसतं, फेस मरतो, आणि धाग्यावर चिकट थर राहतो. त्यात क्षारही पूर्ण निघत नाही. त्या थराला येणाऱ्या-जाणाऱ्या बुटांची धूळ गूळ लागल्यासारखी चिकटते. म्हणूनच नुसत्या पाण्याचा पट्टा टिकला : तिथे चिकटायला काही उरलंच नव्हतं.

हे घरबसल्या तपासता येतं. तीनही केमिकल लेबलच्या प्रमाणात, साइटवरच्याच पाण्यात कालवा. काचेच्या तीन बश्यांत थोडं थोडं ओतून पंख्याखाली सुकवा. ज्याची बारीक पापडी पडते आणि नखाने उडते ते चांगलं, व्हॅक्यूमला निघून जाईल. ज्याची चिकट साय राहते ते कार्पेटवरही तसंच राहणार. याच बश्यांवर अंधारात नोटा तपासायची यूव्ही टॉर्च मारा. निळसर-पांढरं चमकलं तर ऑप्टिकल ब्रायटनर, म्हणजे नुसतं उजळ भासवणारं रसायन असण्याची दाट शक्यता. ते पहिल्या दिवशी कार्पेट उजळ दाखवतं आणि काळाने पिवळट पडतं. तुमच्या पहिल्या दिवसाच्या निकालात त्याचाही हात असू शकतो.

एन्झाइमबद्दल : ते दहा मिनिटांत मोजू नका, त्याला पंधरा-वीस मिनिटं ओलं राहायला हवं. ६० अंशांच्या वर ते मरतं, तुमचं पाणी त्याच्या खालीच आहे, म्हणजे एन्झाइमसाठी ठीक. पण एन्झाइम फक्त जैविक मळ तोडतं : दूध, पीठ, चरबी. लिफ्टकडची काळी धूळ म्हणजे रस्त्यावरची माती, टायरचा चुरा आणि काजळी. तिथे एन्झाइमला काम नाही, म्हणूनच ते तिथे कमी पडलं. चहाच्या मशीनखाली दुधाचं प्रथिन होतं, ते तुटलं. चहाचा तपकिरी टॅनिन मात्र एन्झाइमने जात नाही आणि जास्त क्षाराने उलट गडद होतो. त्यावर सौम्य आम्लच. आणि एन्झाइममध्ये ऑक्सिजनवाली पावडर मिसळायची सवय कुणाला असेल तर सोडा, ती एन्झाइमला मारते.

एडिसनकर

न्यू जर्सीत कार्पेट क्लीनिंगचाच धंदा आहे. इथे पाणी ट्रकवरच्या मशीनमध्ये तापतं, आपल्याकडच्या पोर्टेबलपेक्षा कितीतरी गरम. त्यामुळे इथल्या लोकांनी अमुक प्री-स्प्रे भारी म्हटलं म्हणून ते खराडीत आणू नका. हेन्केल या जर्मन डिटर्जंट कंपनीच्या हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये मांडलेलं वर्तुळ या धंद्यात सगळे शिकवतात : केमिकल, घासणं, उष्णता आणि वेळ. एक कमी पडलं की बाकीच्यांनी भरून काढायचं. तुमच्याकडे उष्णता कमी, मग लोक केमिकल कडक करतात. त्यापेक्षा ब्रश चांगला घ्या, वेळ वाढवा. दोन उलट फिरणाऱ्या ब्रशांचं मशीन आल्यापासून मी प्री-स्प्रे पातळ करूनही तोच निकाल काढतो.

कसोटीचं म्हणाल तर इथल्या कार्पेट अँड रग इन्स्टिट्यूटचा सील ऑफ अप्रूव्हल बघा. ते केमिकलचा मळ काढण्याचा दम तपासतातच, पण परत किती लवकर मळतं हेही तपासतात, पीएच ४ ते १० मध्ये हवा म्हणतात आणि ऑप्टिकल ब्रायटनर चालू देत नाहीत. तीन आठवड्यांनी फोटो काढायची तुमची पद्धत त्याच वाटेवरची आहे.

किंमत कॅनची बघू नका. समजा एक लिटर १,२०० रुपयांचं आणि एकास दहा चालतं, तर ११ लिटर द्रावण होतं, लिटरला जवळपास ११० रुपये. दुसरं २,००० चं, पण एकास चाळीस चालतं : लिटरला ४९ रुपये. महाग कॅन निम्म्याहून स्वस्त पडला.

सॉल्व्हंटवाल्याबद्दल सावध करतो. टाइलची पाठ डांबराची असेल तर जास्त सॉल्व्हंट खाली उतरून ती मऊ करतं, गोंदही सुटतो. हलकं फवारायचं आणि लगेच काढायचं.

खराडी_क्लीनिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, धागा ग्लासात तळाला गेला, आणि क्लायंटच्या स्टोअरमधल्या जादा टाइलच्या पाठीवर नायलॉन असंच छापलेलं निघालं. काका, पाणी टँकरचं आहे, बरोबर ओळखलंत. बश्या पंख्याखाली ठेवल्या : पावडरची चिकट साय, बोट लावलं तर ठसा उमटतो. सॉल्व्हंटवाल्याची किंचित तेलकट. एन्झाइमवाल्याची पापडी, फुंकर मारली तर उडते. टॉर्चखाली पावडरच चमकली.

मग त्याच ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर, तसल्याच पॅसेजमध्ये पट्टे परत मारले, पण पावडर काढून टाकली. यावेळी एक पट्टा एन्झाइमचा, वीस मिनिटं ओला ठेवून, आणि मशीनच्या टाकीत सौम्य आम्लाचं रिन्स, म्हणजे केमिकल धुऊन काढायचं पाणी. शेजारी तोच एन्झाइम, पण रिन्स टँकरच्या साध्या पाण्याचं. सुकल्यावर हात फिरवूनच फरक कळला : आम्लवाल्या पट्ट्याची लव सुटी आणि मऊ, साध्या पाण्याची किंचित ताठ. तीन आठवड्यांचे फोटो अजून यायचे आहेत, आले की इथे टाकेन.

तोवर साइटवर असं ठरवलंय. लिफ्टसमोर प्री-स्प्रे नावापुरताच, त्याऐवजी व्हॅक्यूमचा वेळ दुप्पट, कारण तिथला मळ बहुतेक सुका आहे आणि ओला केला की चिखल होतो. पॅन्ट्रीत एन्झाइम. सॉल्व्हंट फक्त मायक्रोवेव्हसमोरच्या चौकोनात, हातपंपाने. चहाच्या डागांना शेवटी लिंबूसत्त्व.

एक गोष्ट ऑफिसची कामं घेणाऱ्या सगळ्यांसाठी : बऱ्याच आयटी ऑफिसांत टाइल्स फॉल्स फ्लोअरवर, म्हणजे खाली पोकळी ठेवून उचललेल्या जमिनीवर असतात आणि खाली वायरी, पॉवर बॉक्स असतात. सांध्यांतून पाणी खाली गेलं तर कार्पेटपेक्षा मोठं नुकसान होतं. फवारणी पंपाचं नोझल बारीक तुषाराचं ठेवा, पॉवर बॉक्सच्या झाकणाभोवती टेप लावा, आणि सक्शनचे कोरडे फेरे ओल्या फेऱ्यांपेक्षा जास्त मारा. पावसाळ्यात एसी बंद ठेवणारा क्लायंट असेल तर कामाच्या रात्री एसी चालू ठेवायचं आधीच लेखी ठरवून घ्या.

बँक्वेट_ताई

हळदीचा डाग पाडून पाहिलात का?

खराडी_क्लीनिंग

पाहिला ताई, जादा टाइलवर. पावडरने लाल झाला, सॉल्व्हंटवाल्यानेही लालसर. एन्झाइमवाल्याने जेमतेम नारिंगी. पॅन्ट्रीसाठी एन्झाइम घ्यायचं ठरवलं त्यात हेही एक कारण आहे.