मदत हवी आहे : चुकीच्या तुरुंगवासाच्या भरपाईवर आयकर लागतो का?

नमस्कार मंडळी. नात्यातले एक काका खुनाच्या खोट्या खटल्यात बरीच वर्षं आत होते. निर्दोष सुटले, कोर्टाने सरकारला भरपाई द्यायला लावली. पैसे रखडले म्हणून वर व्याजही मिळालं. आता २६एएस (आयकर खात्याकडचा कापलेल्या कराचा तक्ता) मध्ये टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, दिसतोय आणि आमचे कर सल्लागार म्हणतात, सगळी रक्कम ‘इतर उत्पन्ना’त दाखवा.

मला पटत नाही. हिरावलेल्या स्वातंत्र्याचे पैसे म्हणजे कमाई कशी? ती भांडवली जमा (म्हणजे उत्पन्न नव्हे, नुकसानीची भरपाई) ना? व्याजाचं ठीक आहे. १९६१ च्या कायद्यातलं कलम १४५ब बघता ते मिळालं त्याच वर्षी करपात्र, आणि कलम ५७ खाली निम्मी वजावट. पण मुद्दल? अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून अशी भरपाई सरळ करमुक्त केली. आपल्याकडे तसं स्वतंत्र कलमच नाही.

सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकलेले इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना ५० लाख, २०१९ मध्ये नाशिकच्या खून खटल्यातून निर्दोष सुटलेल्या सहा जणांना प्रत्येकी ५ लाख द्यायला सांगितले. अशा रकमा रिटर्नमध्ये कुठे दाखवतात? नोटीस आली तर पुढे करता येईल असा एखादा निकाल कुणी सीए किंवा वकील सांगू शकेल का? काका आता सरकारी लिफाफा बघूनच घाबरतात हो.