लेस्टर टायगर्स : या रग्बी क्लबाच्या नावातला वाघ हिंदुस्थानातला आहे का?

प्रश्न : सोअरकाठचा

नमस्कार. गेली चार वर्षे मी नोकरीनिमित्त इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात राहतो. वेलफर्ड रोडचे रग्बी मैदान आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे, आणि सामन्याच्या दिवशी हिरव्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे मफलर गुंडाळलेली माणसे, अगदी काठी टेकत चालणाऱ्या आजीबाईंपासून बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोरांपर्यंत, आमच्या खिडकीखालून जाताना दिसतात. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस असल्यामुळे इतकी वर्षे ती गर्दी नुसती पाहत आलो. गेल्या महिन्यात मात्र शेजारच्या आजोबांनी जास्तीचे तिकीट देऊन आग्रहाने सोबत नेले.

खेळ मला निम्माच कळला, पण आजोबांनी सांगितलेल्या दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. या क्लबाच्या खेळाडूंच्या पाठीवर पूर्वी आकडे नसत, अक्षरे असत, असे ते म्हणाले. त्याची खूण म्हणून जर्सीच्या छातीवर आजही असलेले एक लहानसे अक्षर त्यांनी मला दाखवले. दुसरी गोष्ट त्यांनी हसत हसत सांगितली, की ‘टायगर्स’ हे नाव ‘तुमच्याकडूनच’ आले आहे. हे खरे आहे, की पाहुण्याला बरे वाटावे म्हणून बोललेले वाक्य आहे? फुटबॉलच्या मोठ्या पैशाच्या देशात या क्लबाने दीडशे वर्षांच्या आसपास तग कसा धरला, याबद्दलही कोणी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद १ : जुनी कात्रणे

आजोबांनी थाप मारलेली नाही. मात्र त्यांनी दोन दाव्यांपैकी एकच सांगितला आहे.

लेस्टर क्लबाची स्थापना १८८० च्या ऑगस्टमध्ये शहरातल्या जॉर्ज हॉटेलात झाली. लेस्टर सोसायटीज, लेस्टर अमॅच्युअर्स आणि लेस्टर अलर्ट असे तीन लहान संघ एकत्र येऊन हा क्लब उभा राहिला. पहिला सामना त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला बर्मिंगहॅमच्या मोझली क्लबाशी झाला आणि तो गुणांविना बरोबरीत सुटला. तो कोठे झाला हे वाचून आपल्याला गंमत वाटेल : बेलग्रेव्ह रोडवरच्या मैदानात. ज्या रस्त्यावर आज साड्यांची आणि दागिन्यांची दुकाने ओळीने लागली आहेत, जिथे दिवाळीचे दिवे पाहायला इंग्लंडभरातून माणसे येतात, आणि जिथून आपणही बहुधा कढीपत्ता आणत असाल, त्याच रस्त्याचे नाव या क्लबाच्या पहिल्या सामन्याशी जोडलेले आहे.

आता वाघाविषयी. ‘टायगर्स’ हा उल्लेख १८८५ पासून सापडतो. पहिला दावा कपड्यांचा आहे. सुरुवातीला काळी जर्सी घालणारा हा संघ त्या सुमारास तपकिरी आणि पिवळ्या आडव्या पट्ट्यांची जर्सी घालू लागला होता, आणि पट्टे पाहून लोकांनी त्यांना वाघ म्हटले, असे सांगतात. दुसरा दावा पलटणीचा आहे. लेस्टरशरची पायदळ पलटण, म्हणजे पूर्वीची १७ वी फूट, १८०४ ते १८२३ अशी सुमारे वीस वर्षे हिंदुस्थानात होती. त्या कामगिरीबद्दल १८२५ मध्ये राजा चौथा जॉर्ज याने तिला निशाणावर आणि बिल्ल्यावर वाघाची आकृती व तिच्यावर ‘हिंदुस्थान’ हा शब्द मिरवण्याचा मान दिला. तेव्हापासून या पलटणीलाच टायगर्स, कधी बेंगॉल टायगर्स, म्हणत असत.

माझा कौल दुसऱ्या दाव्याकडे झुकतो, आणि त्याचे कारण तारखांमध्ये आहे. १८८१ च्या लष्करी फेररचनेत १७ वा हा क्रमांक बाजूला पडून पलटणीचे नाव सरळ ‘लेस्टरशर रेजिमेंट’ झाले. तिचे ठाणे शहराजवळच ग्लेन पार्व्हा येथे होते, म्हणजे वाघाचा बिल्ला लावलेले शिपाई लेस्टरच्या रस्त्यांवर नित्य दिसणारे असणार. त्यानंतर चारच वर्षांनी रग्बी संघ वाघ होतो, हे निव्वळ पट्ट्यांमुळे घडले असेल असे मला वाटत नाही. पट्टे निमित्त झाले असतील. शब्द मात्र आधीच गावाच्या तोंडी होता. शिवाय या जिल्ह्याचा घरचा प्राणी वाघ नसून कोल्हा आहे. कोल्ह्याच्या शिकारीसाठी लेस्टरशर प्रसिद्ध होते, म्हणूनच तिथला फुटबॉल क्लब आणि काउंटी क्रिकेट संघ दोघेही ‘फॉक्सेस’ म्हणवतात. अशा गावात रग्बीवाल्यांनी परदेशी जनावर उचलले, तर ते कोठून तरी आलेले असणारच.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. १८०४ ते १८२३ या काळातच पेशवाई बुडाली, त्यामुळे आपल्याकडचा वाचक हा वाघ लगेच खडकीच्या किंवा कोरेगावच्या लढाईला नेऊन बांधण्याची शक्यता आहे. हा मान कोण्या एका लढाईसाठी दिलेला नव्हता, हिंदुस्थानातल्या सगळ्या वास्तव्यासाठी होता.

प्रतिसाद २ : तिसरा प्रॉप

मी मुंबईत पावसाळ्याच्या चिखलात थोडीफार रग्बी खेळलो आहे, त्यामुळे अक्षरांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही.

रग्बी युनियनमध्ये एका बाजूला पंधरा खेळाडू असतात, आणि पाठीवरचा आकडा त्या माणसाची जागा सांगतो. १, २ आणि ३ ही स्क्रमची, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात त्या रचनेची, पुढची फळी : मध्ये हूकर, त्याच्या दोन्ही बाजूंना प्रॉप. १५ हा सर्वांत मागे उभा राहणारा फुलबॅक. लेस्टरने १ ते १५ ऐवजी ए पासून ओ पर्यंतची अक्षरे वापरली. ब्रिस्टलसारख्या क्लबांतही अक्षरांची रीत होती, पण तिथे ए फुलबॅकला मिळे, म्हणजे मोजणी मागून पुढे होई. लेस्टरकडे ए, बी, सी ही पुढच्या फळीची अक्षरे होती, आणि त्यातूनच त्या फळीतल्या एका गाजलेल्या त्रिकूटाला ‘एबीसी क्लब’ हे नाव मिळाले. ग्रॅहम राउनट्री, रिचर्ड कॉकरिल आणि डॅरेन गारफर्थ हे ते त्रिकूट. ते एकत्र शंभराहून अधिक सामने खेळले. गारफर्थचा व्यवसाय परांच्या बांधण्याचा होता. ज्याने स्क्रममध्ये एकदा तरी डोके घातले आहे त्याला ठाऊक असेल, की मान आणि खांदे यांच्यावर समोरच्या आठ जणांचा भार येतो तेव्हा शेजारच्याचा श्वास कधी थांबतो आणि कधी सुटतो, हे नुसत्या स्पर्शाने कळावे लागते. ते कळायला वर्षे जातात. तिघे तेच राहिल्यामुळे त्यांचा दबदबा होता. अंगातली ताकद काय, इतर संघांकडेही होती.

१९९८ मध्ये लीगने सर्वांना सारखे आकडे सक्तीचे केले आणि पाठीवरची अक्षरे गेली. आपण पाहिले ते छातीवरचे अक्षर ही त्याची उरलेली खूण.

जाता जाता एक दुरुस्ती, कारण असा समज मी अनेकदा ऐकला आहे : लेस्टरची कीर्ती इंग्लंडचा विश्वविजेता कर्णधार मार्टिन जॉन्सन याच्यापासून सुरू होत नाही. १८९८ ते १९०५ अशी सलग आठ वर्षे या क्लबाने मिडलंड काउंटीज कप जिंकला, आणि मग इतरांनाही संधी मिळावी म्हणून त्या स्पर्धेतून स्वतःहून अंग काढून घेतले. हा औदार्याचा भाग किती आणि मिजाशीचा किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

प्रतिसाद ३ : खतावणी

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. तग कसा धरला, या तिसऱ्या प्रश्नावर मी लिहितो, कारण माझ्या मते या क्लबाच्या इतिहासाचा कणा मैदानाच्या जागेत आणि तिच्याभोवतीच्या जमाखर्चात आहे.

वेलफर्ड रोडवर क्लब १८९२ मध्ये आला आणि आजही तिथेच आहे. कारागृह, मोठे रुग्णालय आणि विद्यापीठ यांच्या शेजारी, रेल्वे स्थानकापासून पायी जाता येईल अशा ठिकाणी सुमारे २५,८०० प्रेक्षकांचे मैदान असणे, ही गोष्ट इंग्लंडमधल्या फार थोड्या रग्बी क्लबांच्या वाट्याला आली. तिचे श्रेय बहुतांशी टॉम क्रंबी या माणसाला जाते. तो १८९५ ते १९२८ अशी तेहतीस वर्षे क्लबाचा चिटणीस होता. खेळाडू जमवणे, सामने ठरवणे, स्टँड बांधून घेणे ही सगळी कामे त्याच्या हातची होती. त्याच्या नावाचा क्रंबी स्टँड आजही उभा आहे. पुढच्या खेपेस तिकीट त्या बाजूचे काढावे. १९०९ पासून नाताळाच्या सुमारास बार्बेरियन्स या निमंत्रितांच्या संघाशी दरवर्षी होणारा सामना हे त्या काळातले सर्वांत फायद्याचे पाऊल ठरले, कारण नामांकित खेळाडू पाहायला सुट्टीच्या दिवसांत गाव लोटत असे आणि त्या एका दुपारच्या गल्ल्याचा आधार क्लबाला अनेक दशके मिळत गेला.

साठच्या दशकात मात्र मरगळ आली. ती झटकली ‘चॉकी’ व्हाइट या प्रशिक्षकाने. इंग्लंडमधल्या क्लबांच्या बाद फेरीच्या स्पर्धेत, म्हणजे जॉन प्लेयर कपात, १९७८ च्या अंतिम सामन्यात लेस्टर ग्लॉस्टरकडून ६-३ असा हरला, पण पुढची तीन वर्षे, १९७९, १९८० आणि १९८१ मध्ये, तो कप त्यांनीच जिंकला. त्या संघातला फुलबॅक डस्टी हेअर हा शेतकरी होता, आणि कारकिर्दीत ७,३३७ गुण मिळवून त्याने प्रथम दर्जाच्या रग्बीतला जागतिक विक्रम केला. तेव्हा खेळाचे पैसे मिळत नसत. पुढच्या पिढीतला डीन रिचर्ड्स पोलीस शिपाई होता, तर मार्टिन जॉन्सन सुरुवातीला बँकेत नोकरी करत होता.

१९८७ मध्ये लीग सुरू झाली आणि पहिल्याच हंगामात लेस्टर विजेता ठरला. १९९५ मध्ये रग्बी युनियन व्यावसायिक झाले, तेव्हा अनेक क्लबांनी एखादा धनाढ्य मालक शोधला. लेस्टरने १९९७ मध्ये पब्लिक लिमिटेड कंपनी होऊन आपल्याच पाठीराख्यांना समभाग विकले. माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच. मालकाचा उत्साह ओसरला की क्लब उघड्यावर पडतो, हे २०२२-२३ च्या एकाच हंगामात वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश या क्लबांच्या बाबतीत सर्वांनी पाहिले.

पुढचा सुवर्णकाळ सर्वश्रुत आहे. १९९९ ते २००२ अशी सलग चार लीग विजेतेपदे झाली, आणि २००१ व २००२ मध्ये युरोपचा हायनेकेन कपही आला. २००१ ला पॅरिसमध्ये स्टाड फ्राँसेविरुद्ध ३४-३० असा विजय मिळाला, आणि २००२ ला कार्डिफमध्ये आयर्लंडच्या मन्स्टरविरुद्ध १५-९. मन्स्टरचे लोक तो दुसरा सामना अजून विसरलेले नाहीत. शेवटच्या क्षणी लेस्टरच्या गोलरेषेजवळच्या स्क्रममध्ये चेंडू मन्स्टरचा होता. त्यांचा स्क्रमहाफ, म्हणजे स्क्रममध्ये चेंडू टाकणारा खेळाडू, तो आत टाकू लागला तेव्हा पंचाची नजर दुसरीकडे असल्याचे हेरून लेस्टरच्या नील बॅकने त्याच्या हातावर चापट मारली आणि चेंडू लेस्टरच्या बाजूला गेला. नियमाने ही सरळसरळ लबाडी होती. लेस्टरमध्ये मात्र हा किस्सा सांगताना कोणाचा आवाज खाली येत नाही.

पाठीराख्यांच्या मालकीमुळे सगळे सोवळे राहिले, असेही समजू नये. २००५ ते २०१३ या काळात सलग नऊ अंतिम सामने खेळणारा हा क्लब २०१८-१९ मध्ये बारा संघांत अकरावा आला. पुढच्या हंगामातही तो अकरावाच राहिला, आणि तोही केवळ खेळाडूंच्या वेतनावरची लीगची मर्यादा मोडल्याबद्दल सॅरसेन्स या क्लबाचे १०५ गुण कापले गेले म्हणून. सॅरसेन्सची त्यावरची टिंगल थांबते न थांबते तोच २०२२ च्या मार्चमध्ये लेस्टरलाही दंड झाला : खेळाडूंच्या प्रतिमाहक्कांपोटी, म्हणजे त्यांचे नाव व छबी वापरण्याबद्दल, त्रयस्थ कंपनीने दिलेल्या रकमा वेतनात दाखवल्या नव्हत्या, म्हणून ३,०९,८४१ पौंड. त्याच वर्षी जूनमध्ये अंतिम सामना याच सॅरसेन्सशी पडला. बरोबरी असताना शेवटच्या मिनिटाला लेस्टरच्या फ्रेडी बर्न्सने ड्रॉप गोल मारला, म्हणजे चेंडू जमिनीवर टेकवून उसळताच लाथेने खांबांमधून पाठवला, आणि १५-१२ अशा फरकाने लेस्टरने अकरावे विजेतेपद मिळवले. २०२५ चा अंतिम सामना बाथकडून २३-२१ असा गमावल्यामुळे बारावे अजून बाकी आहे.

सोअरकाठचा

तिघांचेही मनापासून आभार. बेलग्रेव्ह रोडची माहिती मी आजोबांना सांगितली, तर त्यांना ती आधीच ठाऊक होती. ‘तू कधी विचारलेच नाहीस’ एवढेच ते म्हणाले. नील बॅकचे नाव काढताच मात्र त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिंबाचा चेंडू करून ती चापट मला दोनदा प्रात्यक्षिकासह दाखवली, आणि पंच कोठे उभा होता हे दाखवायला मिठाची बरणी ठेवली.

‘जुनी कात्रणे’ यांना एक शंका विचारतो. ही पलटण १९६४ मध्ये रॉयल अँग्लियन रेजिमेंटमध्ये विलीन झाली, असे मी वाचले. तर मग ‘हिंदुस्थान’ हा शब्द लिहिलेला तो वाघ आता प्रत्यक्ष कोठे पाहायला मिळेल?

जुनी कात्रणे

आपल्या शहरातच, आणि मैदानापासून फार दूर नाही. न्यूअर्क हाउसेस संग्रहालयात या पलटणीचे दालन आहे. सामन्याच्या दिवशी दुपारी थोडे आधी निघालात, तर वाघ पाहून मग क्रंबी स्टँडला वेळेवर पोहोचता येईल.