छत्तिसावं लागलं की मंडळात बसायचं कुठे? तुमचे अनुभव सांगा

मी वसईची, कॅथलिक. आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) युवा मंडळाचा नियम आहे: 16 ते 35. जूनमध्ये मला 36 वं लागलं. मंडळाने केक कापला, फोटो काढले, माझ्यासाठी प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपमधून नाव निघालं. नियम मला माहीत होता, तरी रडले. मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) कुठे जमायचं, नाताळच्या गोठ्याला पेंढा कोण आणणार, कोणाच्या आईचं ऑपरेशन आहे, हे सगळं त्या ग्रुपवरच कळायचं.

लग्न झालेल्यांना जोडप्यांचा गट आहे, साठीनंतर ज्येष्ठांचा. माझं लग्न झालेलं नाही. मधली चोवीस वर्षं मी कुठे जायचं?

ही रेघ जो तो वेगळी मारतो. रोममध्ये 2018 साली तरुणांवर बिशपांची सिनड, म्हणजे धर्मसभा, झाली, तिने तरुण म्हणजे 16 ते 29 धरले. जागतिक युवा दिन म्हणजे पोप बोलावतात तो तरुणांचा मेळावा, तिथे बहुतेकदा 35 पर्यंत चालतं. सरकारच्या 2003 च्या युवा धोरणात 13 ते 35 होतं, 2014 च्या धोरणात ते 15 ते 29 झालं.

कोणत्याही धर्माचं, कोणतंही मंडळ असो, लिहा.

मालवणकडचा, वय 41
आमच्या भजन मंडळात वयाची अट नाही, म्हणून तुम्हाला हेवा वाटेल. पण बुवा सत्तरीला आले तरी पेटी सोडत नाहीत. पंधराव्या वर्षी झांज घेऊन कोरसला बसलो, अजून तिथेच आहे. एकदा गजर म्हणू का विचारलं, तर म्हणाले, "तू अजून पोरगो आसस." माझ्याबरोबरचे दोघे, गळा माझ्याहून चांगला, कंटाळून मुंबईला गेले ते गेलेच. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, लोक आमच्या बुवांनाच ऐकायला येतात हेही खरं. तरी ताई, रेघ असती तर ते दोघे आज गात असते, असं मला मनापासून वाटतं.

अलिबाग
आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्याकडे वय मोजतात ते खालच्या बाजूने. मुलगा तेरा वर्षांचा झाला की मिन्यानमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या गणसंख्येत, धरला जातो. सामुदायिक प्रार्थनेला असे दहा पुरुष लागतात. बरीचशी घरं इस्रायलला गेली, त्यामुळे शब्बाथला दहा जमवणं कठीण जातं. माझा भाचा तेराचा झाला त्या शनिवारी तो दहावा होता. म्हातारे त्याचा हात सोडत नव्हते. वरची मर्यादा आम्हाला परवडणारीच नाही.

वसई, वय 24
ताई, मी आत्ता एका युवा मंडळाची सचिव आहे. तुमचं वाचून वाईट वाटलं, पण दुसरी बाजूही सांगते. आमच्यात सतरा वर्षांची मुलगी आणि चौतीस वर्षांचा माणूस एकाच वर्तुळात बसतात. ती तोंड उघडत नाही. मागे दोघींनी येणंच बंद केलं, कारण मोठ्या मुलांचे रात्री उशिरा मेसेज यायचे. मला तर 35 सुद्धा जास्त वाटतं. 16 ते 22 वेगळे आणि पुढचे वेगळे, असं मी सुचवलंय. पण तुम्हाला नुसतं काढून टाकलं आणि पुढचं दार दाखवलं नाही, ते चूकच.

गुहागर तालुका
शिमग्यात पालखी नाचवायला नियम एकच, खांदा. माझा गेल्या वर्षी गेला. आता ढोल वाजवतो.

वसईचीच आणखी एक
2023 ला जागतिक युवा दिनासाठी लिस्बनला गेले तेव्हा 34 ची होते. पुढचा 2027 ला दक्षिण कोरियात, सोलला, तेव्हा 38. परत आल्यावर चार महिन्यांत मंडळ सुटलं. तिकडचं सांगायला कोणीच उरलं नव्हतं. ताई, तुमचं गाव कोणतं?

धागाकर्ती
तुमच्याच शेजारचं. फोनवर बोललो आपण. आता आम्ही पाच जणी, एक विधवा, एक नवऱ्यापासून वेगळी राहणारी, तिघी बिनलग्नाच्या, गुरुवारी माझ्या ओट्यावर रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसतो. वय विचारत नाही. सचिवबाई, तुमचं म्हणणं पटलं. सोळाच्या मुलींत मला परत यायचं नाही. फादरांकडे शाळेच्या मागची खोली मागितली आहे. पावसाळ्यात ओटा भिजतो.