खुनी 'चांगला' आहे हे लेखकानेच ठरवलं, तर आपण ठरवायचं काय?

रातकिडा:
रहस्य फुटेल, आधीच सांगते. 'अ किलर पॅराडॉक्स' (२०२४) ही कोरियन मालिका संपवली. रात्रपाळीला दुकानात काम करणारा मुखदुर्बळ ली थांग एका दारुड्याला हातोड्याने मारतो. मग कळतं, मेलेला अट्टल खुनी होता. पैशासाठी धमकावणारी साक्षीदार बाई मरते, तर तीही खुनीच निघते. वर पुरावे आपोआप धुऊन जातात. यात पेच कुठे आहे? लेखकाने प्रत्येक प्रेताच्या खिशात निकालपत्र आधीच ठेवलंय.

याउलट 'बियॉन्ड इव्हिल' (२०२१) ही दुसरी कोरियन मालिका. मुलीची कापलेली बोटं पोलीस असलेला दोंगशिक स्वतःच लोकांच्या नजरेस पडतील अशी मांडतो. का, तर एरवी खुनी हाती लागणार नाही. त्याच्यावर संशय घेणारा पोलीस जुवॉन तरी कुठे धुतल्या तांदळाचा? त्याने बेकायदा सापळ्यात आमिष म्हणून वापरलेली परदेशी बाई जिवाला मुकली. ही दोघं माझ्या डोक्यातून अजून जात नाहीत.

कढीलिंब:
अजिबात सहमत नाही. हातोडा उगारताना थांगला काय माहीत होतं? काही नाही! म्हणजे तो न्यायी नाही, नशीबवान आहे. पण आपण मात्र दोन भागांत त्या नशिबालाच न्याय म्हणायला लागतो. मालिका पकडते ती आपल्याला. म्हणून तर पुढे सोंग छोन आणलाय. तोही 'वाईट' माणसंच मारतो म्हणे, फक्त वाईट कोण ते स्वतः ठरवतो. त्याची मात्र किळस येते.

अर्धा कप:
सोंग छोन झालेला नट ली हीजुन 'माउस'मध्ये (२०२१) डिटेक्टिव्ह आहे, आईवडिलांच्या खुन्याचा सूड डोक्यात घेऊन फिरणारा. दोन्ही लागोपाठ बघा, तीच नजर दोन्हीकडे चालते. बाकी 'माउस' वीस भाग ताणलीय, त्यात विकृतीचं जनुक पोटातच ओळखायची भानगड. माणूस जन्मतःच राक्षस ठरला की जबाबदारी कुणाचीच उरत नाही. मला ती सर्वांत मोठी पळवाट वाटली.

जुनी वही:
तिथला संदर्भही बघा. दक्षिण कोरियात फाशी कायद्यात आहे, पण डिसेंबर १९९७ नंतर कुणालाही दिलेली नाही. २००८ मध्ये आठ वर्षांच्या मुलीवर पाशवी अत्याचार करणाऱ्याला नशेत होता म्हणून शिक्षेत सूट मिळाली. १२ वर्षं भोगून तो २०२० मध्ये बाहेर आला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. थांगचा पहिला बळी दारुडा असणं मला तरी योगायोग वाटत नाही.

रातकिडा:
@जुनी वही, राग कळतो. पण रागाला वाट काढून देणं वेगळं आणि प्रश्न विचारणं वेगळं. @कढीलिंब, नशिबाचा मुद्दा मान्य, अर्धा. एक, फक्त एक निरपराध त्याच्या हातून मेलेला दाखवायची हिंमत हवी होती.

कढीलिंब:
मग सगळ्यांनी त्याला सरळ खुनी म्हटलं असतं आणि विषय संपला असता. त्याच्या मागावरच्या डिटेक्टिव्हचं नावच बघा: कोरियनमध्ये नानगम म्हणजे पंचाईत, आडनावासकट 'जांग नानगम' म्हटलं की खेळणं!

रातकिडा:
पंचाईत त्याची झाली, माझी कुठे झाली? दोंगशिक शेवटी जुवॉनपुढे हात करून बेड्या घाल म्हणतो, तेव्हा मी रडले. थांग तर मोकळाच फिरतोय.

कढीलिंब:
तो मोकळा राहावा असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही? खरं सांगा.