पी९१ (जास्त क्रोमियमचं, उच्च तापमानाच्या पाइपचं स्टील) आधी थंड होऊ द्या, मग पीडब्ल्यूएचटी (वेल्डिंगनंतर जॉइंट पुन्हा ठरावीक तापमानाला तापवणं)
काही जण सांगतात की पी२२ (कमी क्रोमियमचं तसलंच स्टील) सारखंच पी९१ पण वेल्डिंग संपल्या संपल्या गरम असतानाच डायरेक्ट पीडब्ल्यूएचटीला घ्यायचं, तसं अजिबात करू नका राव. प्रीहीट (वेल्डिंगआधी तापवणं) २०० डिग्री धरायचा हे बरोबर, पण जॉइंट पूर्ण झाला की तो हळूहळू १०० च्या खाली उतरू द्यायचा, नाहीतर उरलेलं ऑस्टेनाइट (स्टीलची गरम असतानाची रचना) टेम्पर म्हणजे तापवून नरम होतच नाही, पीडब्ल्यूएचटीनंतर थंड होताना त्याचं कोरं, म्हणजे टेम्पर न झालेलं मार्टेन्साइट (थंड झाल्यावरची रचना) बनतं, कडक आणि ठिसूळ. मग साधारण ७५०-७६० ला सोक (त्याच तापमानाला धरून ठेवणं), वेळ जाडीप्रमाणे कोडमध्ये बघा. फिलरमध्ये (जोडात भरायच्या धातूत) निकेल-मँगनीज जास्त असेल तर ७६० च्या वर जायच्या भानगडीत पडूच नका. आणि हो, पीडब्ल्यूएचटी होईपर्यंत जॉइंट भिजू द्यायचा नाही, पावसाळ्यात ताडपत्री टाकाच, पाणी लागलं की चिरा पडू शकतात.